दोष तारेचा नव्हे

रेल्वेच्या विद्युतीकरणाविरुद्ध एक युक्तिवाद हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो. इंजिनाचा धूर थांबला नाही, तो चंद्रपूरच्या कोळशाच्या वीजघराच्या चिमणीत गेला; देशातली बहुतेक वीज कोळशाची, तेव्हा ही स्वच्छता खोटी; वादळात तारा तुटल्या की गाड्या ठप्प; म्हणून डिझेल इंजिनं चालू ठेवा आणि हायड्रोजनची वाट पाहा. हे मत मला नुसतं चुकीचं नव्हे, अपायकारक वाटतं.

आधी धुराचं पाहू, कारण सगळी मदार त्याच्यावर आहे. डिझेल इंजिनात डिझेल जाळून वीज तयार होते आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी फिरतात. म्हणजे तेही विजेवरच चालतं, फक्त स्वतःचं वीजघर पाठीवर घेऊन. आणि ते वीजघर भंगारात जाईपर्यंत डिझेलच जाळणार. तारेवरच्या इंजिनाला वीज कुठली, याच्याशी कर्तव्य नसतं. ठाकुर्लीचं चोळा वीजघर रेल्वेसाठीच बांधलेलं, कोळशावर चालणारं. ते केव्हाच बंद झालं, गाड्या धावतच राहिल्या. मध्य प्रदेशात बीना इथे १.७ मेगावॅटचा सौर प्रकल्प २५,००० व्होल्टच्या तारेसाठी उभा राहिला; त्यासाठी एकही इंजिन बदलावं लागलं नाही.

घाट उतरतानाचा हिशेब तर हे टीकाकार मांडतच नाहीत. भोर घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे. उतरताना आजच्या विद्युत इंजिनाच्या मोटारी उलट वीज बनवतात आणि ती तारेत परत जाते, चढणाऱ्या गाडीच्या कामी येते. डिझेल इंजिन तीच ऊर्जा उष्णतेच्या रूपात हवेत सोडून देतं.

आणि कोकण? रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. डिझेल गाडी गेल्यावर त्या कोंडलेल्या धुरात रूळ तपासत चालणाऱ्या की-मनची छाती यांच्या कोणत्या तक्त्यात आहे? रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटरचं विद्युतीकरण २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं, ते त्याच्यासाठीही होतं.

चंद्रपूरकरांची धुराची तक्रार खरी आहे, ती कुणी झटकू नये. पण ती कोळशाविरुद्धची तक्रार आहे. त्यांचा खोकला डिझेलच्या बचावाला वापरणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय.

मुंबईत लोकलच्या तारांमधल्या १५०० व्होल्ट डीसीचं २५,००० व्होल्ट एसी करायला घेतलं, तेव्हाही ऐकलं होतं : चालतंय ते मोडता कशाला? हार्बरवर ते काम २०१६ मध्ये संपलं. लोकल बंद पडल्या नाहीत, उलट ब्रेक लावताना वीज परत देऊ लागल्या. आणि ज्याला आज नवं खूळ म्हणतात, ती विजेची गाडी बोरीबंदर ते कुर्ला ३ फेब्रुवारी १९२५ रोजीच धावली होती.

तारा तुटतात, जोडल्याही जातात. डिझेलसाठी लागणारं बहुतेक कच्चं तेल परदेशातून येतं, त्या परावलंबनाचं काय? हायड्रोजन बनवून पुन्हा त्याची वीज करताना निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया जाते. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्याने २०१८ मध्ये हायड्रोजन गाडी प्रवाशांसाठी सुरू केली आणि २०२३ मध्ये पुढच्या गाड्या बॅटरीच्या घ्यायचं ठरवलं. वाट पाहायची ती याची?

मग करायचं काय? रेल्वेने वीज घेताना सौर आणि पवनऊर्जेचे करार वाढवावेत. रात्रीच्या गाड्यांसाठी घाटघरसारखे, पाणी वर चढवून ठेवणारे प्रकल्प सह्याद्रीत जोडावेत, मात्र जंगल आणि गावं विचारात घेऊन. महामार्गावरच्या ट्रकांचा माल रुळांवर आणावा. आणि रेल्वेच्या विजेत कोळशाचा वाटा किती, हे दर वर्षी जाहीर व्हावं. तो घटला नाही तर जाब विचारावा. या मागणीवर टीकाकारांनीही सही केली, तर त्यांच्या काळजीवर माझा विश्वास बसेल.