अर्धे कुरळे, अर्धे सरळ

‘‘अगं पोरी, वरती मॅगी आणि खालती शेवया! केसांना झालंय तरी काय तुझ्या?’’

मेसच्या मावशींनी पोळी वाढता वाढता विचारलं आणि मागची सगळी लाईन हसली. मीही हसले. कारण निरीक्षण अगदी अचूक होतं. गेले चौदा महिने माझ्या डोक्यावर दोन वेगवेगळी माणसं राहताहेत. कानापर्यंत कुरळी मी, आणि तिथून खाली पार्लरने बनवलेली सरळ मी.

(सुरुवातीलाच एक कबुली. माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची, मतांची जबाबदारी माझी!)

तर गोष्ट शाळेपासूनच सुरू होते. आमच्या घरात आत्याचे केस कुरळे, आजीचे कुरळे, म्हणून माझेही. आजी कौतुकाने ‘कुरळ्या केसांची माझी बाय’ म्हणायची. शाळेत मात्र त्याच केसांचं नाव ‘घरटं’ झालं. दोन घट्ट वेण्या, वर चपचपीत तेल, तरी दुपारपर्यंत कपाळावर बटा यायच्याच. मग असेंब्लीत सगळ्यांसमोर ‘‘केस विंचरून येत जा’’. विंचरलेलेच असायचे हो! पण कुरळे केस कोरडे विंचरले की आणखी पिंजारतात, हे ना मला माहीत होतं ना सिस्टरना.

बारावीनंतरच्या सुट्टीत मी भाऊबीजेचे साठवलेले पैसे काढले आणि रिबाँडिंग करून घेतलं. पाच तास खुर्चीत. घरी आल्यावर आरशासमोरून हलवेना. हॉस्टेलवर मी आले ती सरळ केसांची मुलगी म्हणून. इथे कोणाला काही माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. पण मुळं गप्प बसत नाहीत! दर सहा-आठ महिन्यांनी टच-अप, दरवेळी काही हजार. सेकंड इयरच्या टच-अपला डोक्याची कातडी भाजली, आठवडाभर उशीवर डोकं टेकवता येईना. पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, ‘‘होतं थोडंसं.’’ त्या दिवशी मी थांबले.

आता थोडी केमिस्ट्री, फर्स्ट इयरला झोपलेल्यांसाठी. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रोटीन. त्यात गंधकाचे अणू जोड्यांनी बांधलेले असतात, त्यांना डायसल्फाइड बंध म्हणतात. शिवाय नाजूक हायड्रोजन बंध असतात. इस्त्री फिरवली की फक्त हायड्रोजन बंध तुटतात, म्हणून पहिल्याच पावसात केस मूळ पदावर येतात. रिबाँडिंगमध्ये अमोनियम थायोग्लायकोलेट वगैरे रसायनाने डायसल्फाइड बंध तोडतात, केस इस्त्रीने सपाट करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने तेच बंध नव्या जागी पक्के करतात. मेकॅनिकलच्या भाषेत, तार यील्ड पॉइंटच्या पुढे ओढली. आता ती परत येत नाही. पण केसाचा आकार ठरतो मुळाशी, कातडीच्या आतल्या कूपात. तिथे काही बदललेलं नसतं. म्हणून नवीन येणारा केस कुरळाच येतो.

परत जायचं तर मार्ग दोनच. सरळ भाग एकदम कापून टाका, नाहीतर वाढू द्या आणि थोडा थोडा कापत राहा. केस वाढतात महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर. चौदा महिन्यांत माझे सोळा-एक सेंटिमीटर वाढले असतील, पण वेटोळ्यांमुळे दिसतात जेमतेम दहा! आणि खरा त्रास होतो जोडावर. कुरळा संपून सरळ सुरू होतो तिथेच केस तुटतो. शाफ्टचा व्यास जिथे एकदम बदलतो तिथे ताण एकवटतो, हे पेपरात लिहून मी मार्क मिळवले होते. समजलं मात्र कंगव्यात आलेले केस बघून.

या सगळ्याला ‘ट्रान्झिशनिंग’ असं नाव आहे, हे मला आपल्याच हॉस्टेलमधल्या टांझानियाच्या एका सीनियरने सांगितलं. मी बेसिनपाशी केस धरून रडकुंडीला आले होते. ती म्हणाली, ‘‘आमच्याकडे हे प्रत्येकीच्या घरात कोणी ना कोणी केलेलं असतं.’’ त्यांचं रसायन वेगळं. त्याला रिलॅक्सर म्हणतात. त्यात बहुतेकदा सोडियम हायड्रॉक्साइड असतं, पीएच १२ च्या वर. आपण लॅबमध्ये ज्याला हात लावताना ग्लोव्ह्ज घालतो, तेच!

मग मी वाचत गेले. अमेरिकेत या धंद्याच्या सुरुवातीच्या माणसांमध्ये एक संशोधक निघाला, गॅरेट मॉर्गन. ट्रॅफिक सिग्नलचं १९२३ चं पेटंट ज्याच्या नावावर आहे तो कृष्णवर्णीय मॉर्गन. शिलाई मशीनच्या सुईसाठी द्रव बनवता बनवता त्याला केस सरळ करणारा पदार्थ सापडला, असं सांगतात. तो विकण्यासाठी त्याने १९१३ मध्ये कंपनी काढली. गिऱ्हाईक का मिळालं? कारण गुलामगिरी संपली तरी ‘चांगले केस’ म्हणजे गोऱ्यांसारखे केस, हे संपलं नव्हतं. नोकरी त्यावर ठरायची. १९६०-७० च्या दशकांत तिथल्या मुलामुलींनी नैसर्गिक केस वाढवले ते फॅशन म्हणून कमी आणि निषेध म्हणून जास्त. तरीही १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्समधल्या रेनी रॉजर्स या कर्मचारी बाई डोक्यालगतच्या बारीक वेण्यांवरच्या बंदीविरुद्ध कोर्टात गेल्या आणि हरल्या. वेण्या काही जन्मजात नसतात, त्या बदलता येतात, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला मनाई करणारा ‘क्राउन ॲक्ट’ सगळ्यात आधी कॅलिफोर्नियाने केला, तो २०१९ मध्ये. नंतर इतर बऱ्याच राज्यांनी केला.

माझं दुःख आणि त्यांचं दुःख एकच, असं मी म्हणणार नाही. मला चिडवलं गेलं, त्यांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्याकडे कुरळ्या केसांवर कौतुकाची गाणी रचली गेली आहेत. पण ‘नीटनेटकं’ या शब्दाआड ‘दुसऱ्यासारखं’ हा अर्थ लपवायची युक्ती दोन्हीकडे सारखीच आहे. आणि हे मला जुन्या पुस्तकातून नाही, गेल्या महिन्यात आपल्याच सेमिनार हॉलमध्ये कळलं.

प्लेसमेंटसाठी ग्रूमिंग सेशन होतं. बाहेरून आलेल्या ट्रेनर मॅडमच्या स्लाइडवर दोन मुली. ‘प्रोफेशनल’च्या खाली सरळ केस, ‘अनप्रोफेशनल’च्या खाली कुरळे. मग माझ्याकडे वळून, ‘‘तू सीझनच्या आधी स्मूदनिंग करून घे. इन्व्हेस्टमेंट समज.’’ शंभर जण बघत होते. शाळेतली असेंब्लीच जणू. मी मान हलवली आणि खाली बसले. या लेखातलं सगळं तेव्हा बोलायला हवं होतं, ते सुचलं रात्री दोन वाजता.

तर आता बोलते. वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहताना केस घट्ट बांधायचे, हा नियम मला शंभर टक्के मान्य आहे. मोकळा केस चकमध्ये अडकला तर जीव जाऊ शकतो. त्या नियमाला कारण आहे आणि तो सरळ केसांनाही तितकाच लागू आहे. ग्रूमिंगच्या नियमाला कारण काय? केस स्वच्छ हवेत, बांधलेले हवेत, चेहऱ्यावर येऊ नयेत... कबूल, हे सगळ्यांना सांगा. पण जन्मतः मिळालेला आकार रसायन लावून बदला, हे फक्त काही जणींना का सांगायचं?

आणि ‘इन्व्हेस्टमेंट’चा पूर्ण हिशोबही मांडा. अमेरिकेत सुमारे ३३,५०० स्त्रियांची जवळपास अकरा वर्षं पाहणी करून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरलेल्या स्त्रियांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचा अंदाज १.६४ टक्के निघाला, वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के. रसायनामुळेच झाला, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय आपल्या पार्लरमधलं रसायन तेच असेल असंही नाही. काही स्मूदनिंगमधून तापवल्यावर फॉर्मॅल्डिहाइड निघतं, आणि ते कॅन्सरकारक म्हणून मान्य झालेलं आहे. पण मला डब्यावरचं लेबल कोणी कधी दाखवलं नाही, आणि इंजिनिअरिंगला असून मीही मागितलं नाही! तेव्हा मैत्रिणींनो, सरळ केस हवे असतील तर खुशाल करा. माझी रूममेट करते आणि तिला ते सुंदर दिसतात. फक्त लेबल वाचा, आणि कोणाच्या स्लाइडला घाबरून करू नका.

ज्या माझ्या वाटेने येणार असतील त्यांच्यासाठी चार गोष्टी. केस कोरडे विंचरू नका. ओले असताना कंडिशनर लावून जाड दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर या. इस्त्री कपाटात कुलूपबंद. टॉवेलऐवजी जुना सुती टी-शर्ट. आणि जवस पाण्यात उकळून गाळले की जे चिकट जेल मिळतं, त्यापुढे बाजारातलं महागडं जेल फिकं. (रेक्टर मॅडम, किटली माझी नव्हती.) उरलेल्या जवसाची चटणी होत नाही, तो प्रयोग करून झाला आहे.

स्टाफला एकच विनंती. पुढच्या सेशनला ती स्लाइड नको. लेथवाला नियम लावा, सगळ्यांना सारखा.

कॅम्पस सुरू व्हायच्या आधी मी उरलेल्या शेवया कापून टाकणार आहे. केस जेमतेम कानाखाली राहतील. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पहिली कंपनी त्यावरून नाही म्हणाली तर मी कोपऱ्यात बसून रडेन हेही मला माहीत आहे. पण आजीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘काप बाय. तुझ्या आत्यानेही तापातून उठल्यावर कापले होते. पुन्हा आले की नाही?’’

– तिसरं वर्ष, मेकॅनिकल
मुलींचं वसतिगृह