‘भाव येईपर्यंत थांबा’ या उपदेशाविषयी

घरांचा बाजार थंडावला म्हणजे आपल्या मध्यमवर्गात एक उपदेश न मागता मिळू लागतो. घर ही काही नासणारी भाजी नव्हे, तेव्हा मालकाने आपली किंमत धरून बसावे, गिऱ्हाईक घासाघीस करणारच म्हणून आकडा प्रारंभीच फुगवून सांगावा, आणि आज ना उद्या भाव येईल तेव्हाच खरेदीखतावर सही करावी, असा तो उपदेश. कोथरूडपासून घोडबंदर रस्त्यापर्यंत कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेनंतर चहाच्या वेळी तो ऐकावयास मिळतो, आणि तो देणाऱ्याचे स्वतःचे घर बहुधा विक्रीला नसल्यामुळे त्याच्या स्वरात एक प्रकारची निश्चिंत अधिकारवाणीही असते.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सबळ रूपात मांडल्यावाचून त्याच्या खंडनास हात घालू नये, हा आपल्याकडील वादपद्धतीचा जुना दंडक आहे, आणि तो पाळावयाचा तर या उपदेशाच्या बाजूने दोन दाखले दिले पाहिजेत. पहिला मुंबईचा. 1995 च्या सुमारास शिगेला पोचलेले तेथील भाव पुढे कित्येक वर्षे उतरत राहिले, आणि त्या पडत्या काळात ज्यांनी विकले त्यांना नंतरची तेजी पाहून हळहळ वाटली, तर ज्यांनी धीर धरला ते सुखी झाले. दुसरा बॉस्टनचा. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्या शहराच्या मध्यभागातील सदनिकांच्या 1990 ते 1997 या काळातील व्यवहारांचा अभ्यास करून 2001 मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात असे आढळले की, खरेदीच्या किमतीपेक्षा कमी पैसे येण्याची पाळी ज्यांच्यावर आली होती ते विक्रेते त्या तुटीच्या 25 ते 35 टक्के इतकी रक्कम आपल्या मागणीत वाढवीत, आणि अखेरीस तुटीच्या 3 ते 18 टक्के इतकी रक्कम इतरांहून अधिक पदरात पाडूनही घेत. हट्टाला फळ येते ते असे. मात्र त्याच निबंधात हेही नमूद आहे की, अशा विक्रेत्यांची घरे इतरांच्या मानाने मंदगतीने विकली गेली. तूट 10 लाखांची धरली तर मागणीतील वाढ अडीच ते साडेतीन लाखांची, प्राप्ती 30 हजारांपासून 1 लाख 80 हजारांपर्यंतची, आणि तीही विलंबाची किंमत मोजून.

मुंबईच्या दाखल्यातील गफलत अधिक सूक्ष्म आहे. पडत्या काळात धीर धरणारे जे सुखी झाले, ते त्या घरात राहत होते, किंवा ते भाड्याने देऊन उत्पन्न घेत होते; त्यांनी घर विकावयास काढलेच नव्हते. घर न विकता राखणे आणि घर विकावयास काढून न विकणे या दोन सर्वस्वी भिन्न अवस्था आहेत. पहिलीत मालकाला निवारा किंवा भाडे तरी मिळते. दुसरीत घर कुलूपबंद, दलालाचे फोन अधूनमधून, आणि मुलाचे शिक्षण, दुसऱ्या घराचा हप्ता किंवा भावंडांची वाटणी असे जे प्रयोजन मनाशी धरून विक्री योजिली ते भिजत घोंगड्याप्रमाणे पडून. आपला उपदेशक पहिल्या अवस्थेचे पुण्य दुसऱ्या अवस्थेच्या खात्यावर बिनदिक्कत जमा करतो, एवढाच माझा त्याच्यावर आरोप आहे.

या दुसऱ्या अवस्थेचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. आज 80 लाखांना जाऊ शकणाऱ्या रिकाम्या सदनिकेचे 92 लाख सांगून मालक दोन वर्षे थांबला, आणि दोन वर्षांनी त्याला खरोखरच 92 लाख मिळाले, असे त्याच्या बाजूने उदारपणे गृहीत धरू. 80 लाख रुपये सालीना 7 टक्के व्याजाने ठेवले असते तर दोन वर्षांत सरळ व्याजानेच 11 लाख 20 हजार आले असते. संस्थेची देखभाल दरमहा 4 हजार धरली तर 96 हजार त्याच मुदतीत गेले. दोन्ही मिळून 12 लाख 16 हजार झाले. व्याजावर आयकर पडतो हे खरे, पण मालमत्ताकर, बंद घरातील ओल आणि गंजलेले नळ मी हिशेबात धरलेलेच नाहीत. बारा लाखांचा विजय मिळाला असे ज्याला वाटते, त्याने वस्तुतः दोन वर्षे एका रिकाम्या घराची पदरमोड करून राखण केली.

मग हा 92 लाखांचा आकडा येतो तरी कोठून? तो खरेदीच्या वेळी मोजलेल्या रकमेतून येतो, स्वयंपाकघरातील फर्निचरवर झालेल्या खर्चातून येतो, तेजीच्या ऐन भरात वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने मिळवलेल्या किमतीतून येतो. आणि यांपैकी एकाही गोष्टीशी आजच्या गिऱ्हाइकाला कर्तव्य नसते. कित्येक मालक शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याचा, म्हणजे ज्याला लोक रेडी रेकनर म्हणतात त्याचा, आधार घेतात, आणि सरकारनेच ठरवलेल्या किमतीच्या खाली मी का जावे, असे विचारतात. हा तक्ता मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतो. त्या किमतीला कोणी घर विकत घेईल अशी हमी सरकारने कोणालाही दिलेली नाही. अर्थात त्याकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही, कारण शासकीय मूल्य प्रत्यक्ष मोबदल्याच्या 110 टक्क्यांहून अधिक भरले तर आयकरासाठी ते मूल्यच मोबदला म्हणून धरले जाते. परंतु तेथेही प्रकरण मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे सोपवावे अशी मागणी करण्याची मुभा विक्रेत्याला आहे. सल्लागाराला एकवार विचारून निकालात काढण्याजोग्या या बाबीचे लोकांनी न विकण्याचे निमित्त करून ठेवले आहे.

खरी किंमत ठरते ती खरेदीदाराच्या कर्जमंजुरीच्या कागदावर. 30 लाखांहून अधिक आणि 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या 80 टक्क्यांपलीकडे बँकेने जाऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 80 लाखांच्या घरावर त्यामुळे 64 लाख कर्ज मिळते. उरलेले 16 लाख, पुण्यात सर्वसाधारणपणे 7 टक्के पडणारे मुद्रांक शुल्क आणि 30 हजारांची नोंदणी फी, असे सुमारे 21 लाख 90 हजार खरेदीदाराने स्वतःचे आणावयाचे. आता बँकेच्या मूल्यांककाने 80 लाख ठरवलेल्या त्याच घराचे मालकाने 92 लाख मागितले, तर कर्ज 64 लाखांवर थांबते आणि खरेदीदाराच्या खिशातून जावयाची रक्कम पावणेपस्तीस लाखांच्या घरात जाते. किंमत 15 टक्क्यांनी वाढली, पण रोकड दीडपटीहून अधिक लागली. मंदीत गिऱ्हाईक नाही म्हणून आक्रोश करणाऱ्या मालकाने आपणच किती गिऱ्हाइके दारातून परत पाठवली, हे या एका हिशेबावरून ताडावे. त्यात पुन्हा मोबदल्याचा काही हिस्सा रोखीने मागण्याची जुनी खोड ज्याला असेल, त्याच्यासाठी तर पगारदार कर्जदार हा सगळा वर्गच संपला. शिवाय स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे, हे निराळेच.

गिऱ्हाइके असतात, अडते ते किमतीपाशी, याचा पुरावा महाराष्ट्राने नजीकच्या काळात पाहिला आहे. महामारीच्या वर्षात, नोकऱ्यांची शाश्वती डळमळीत झाली असताना, राज्य सरकारने 1 सप्टेंबर 2020 पासून डिसेंबरअखेरपर्यंत मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्चअखेरपर्यंत दोन टक्क्यांनी उतरवले, आणि डिसेंबरात दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांत दस्तांची रीघ लागली. त्या वेळी व्याजदरही उतरले होते, हे मान्य केले पाहिजे. पण तोही खरेदीदाराच्या खर्चातील उतारच होता. जे सरकारला समजले ते मालकाला न समजावे, याचे मला नवल वाटते.

म्हणून माझा पक्ष असा की, मंदीत घर विकावयाचे तर जी किंमत अखेरीस घ्यावी लागणार तिच्या अगदी लगतचा आकडा पहिल्याच दिवशी सांगावा. आपल्याच संस्थेतील आणि शेजारच्या इमारतींतील गेल्या वर्षभराच्या विक्रीचे सूची क्रमांक 2 चे उतारे नोंदणी विभागाकडून काढता येतात. शेजाऱ्याच्या बढाईपेक्षा ते अधिक विश्वसनीय असतात. घर बाजारात आल्याबरोबरचे पहिले काही आठवडेच काय ते मोलाचे असतात, कारण त्या परिसरात खरोखर घर शोधणारी माणसे तेव्हाच ते पाहून जातात. पुढे सहा महिन्यांनी आकडा उतरवला तर ‘इतके दिवस का राहिले?’ हा प्रश्न घराला चिकटतो, आणि उपदेशकाच्या दृष्टान्तातील न नासणारी वस्तू बाजारापुरती तरी शिळी होते. दहा दलालांना दहा वेगवेगळे आकडे सांगणे हा याच शिळेपणाचा दुसरा मार्ग. एक किंवा दोन दलाल नेमावेत, त्यांचे मेहनतान्याचे टक्के कापू नयेत, आणि वास्तुदोषाच्या निवारणार्थ दरवाजा फिरवण्याऐवजी छताची ओल काढून भिंतींना पांढरा रंग द्यावा.

किमतीइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, महत्त्व मी कागदपत्रांना देतो. तेजीत उतावळे गिऱ्हाईक कागदातील फट नजरेआड करते. मंदीत त्याच्यापुढे निवड असते, आणि त्याच्या बँकेचा वकील फट शोधण्यासाठीच नेमलेला असतो. मूळ करारनाम्यांची अखंड साखळी, भोगवटा प्रमाणपत्र, संस्थेचे भागपत्र, मालमत्ताकराच्या पावत्या, आणि जुने कर्ज असल्यास बोजा उतरण्यासाठी भरावयाच्या रकमेचे बँकेचे पत्र, ही सामग्री जाहिरातीपूर्वी एका फाईलीत हवी. वडिलांच्या नावचे घर असेल तर केवळ नामनिर्देशनाच्या जोरावर ते विकू पाहणाऱ्या मुलाने ध्यानात घ्यावे की, नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. बहिणींचे हक्कसोडपत्र नोंदवून घेण्याचे काम गिऱ्हाईक दारात आल्यावर काढले तर तेवढ्या अवधीत ते गिऱ्हाईक दुसरीकडे इसार देऊन मोकळे होते. आणि आईवडिलांच्या पश्चात पुण्यातील सदनिका अमेरिकेत बसून विकणाऱ्या मुलांचा प्रश्न याहून बिकट: मुखत्यारपत्र तेथे साक्षांकित करून ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, आणि अनिवासी विक्रेत्याच्या मोबदल्यातून खरेदीदाराला आयकराची मोठी रक्कम कापावी लागत असल्याने कमी कपातीचा दाखला आधीच मिळवला नाही, तर पैसा परताव्याच्या अर्जात अडकून पडतो.

एक आक्षेप उरतो: मंदीच्या किमतीला विकल्याने मालकाचे नुकसान होत नाही काय? जो विकून दुसरे मोठे घर घेणार आहे त्याचे होत नाही. 80 लाखांचे घर 10 टक्के उतरून 72 ला गेले आणि सव्वा कोटीचे साडेबारा लाखांनी उतरले, तर त्याला भरावयाचा फरक 45 लाखांवरून साडेचाळीस लाखांवर येतो; मंदी त्याच्या फायद्याची ठरते. ज्याला विक्रीच्या पैशावर म्हातारपण काढावयाचे आहे त्याचे मात्र होते, आणि त्याला मी खोटा दिलासा देणार नाही. घरात राहता येत असेल किंवा ते भाड्याने देता येत असेल तर त्याने खुशाल थांबावे. पण थांबावयाचे तर सरळ थांबावे. किंमत उतरवावयाची नाही असा ज्याचा निश्चय आहे, त्याने आपले घर बाजारातून आजच काढून घ्यावे, दलालांना तसे कळवावे, आणि खरोखर घर शोधणाऱ्या माणसांचे रविवार फुकट घालवू नयेत.