मेस म्हणजे गोंधळ

गेल्या महिन्यात इथल्या एका कॉलेजातली तीन मुले घरी आली. कॉलेज कुठले ते सांगत नाही, मुले गुणी आहेत. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना कॅम्पसवर वाट दाखवणारे अ‍ॅप त्यांनी केले आहे. ‘काका, मराठीय घाल्या. मात्शी नदर मारात,’ म्हणून मोबाइल माझ्या हातात दिला.

नजर मारली. कॉलेजची मेस मराठीत ‘गोंधळ’ झाली होती. ‘गोंधळ – १२० मीटर’. बसस्टॉपच्या जागी ‘बस थांबवा’ असा सरळ हुकूम! यंत्राकडून भाषांतर करून घेतले होते आणि तिघांपैकी एकानेही ते वाचले नव्हते. मी खूप हसलो, मग रागावलो. त्यावर एकजण म्हणाला, ‘इंग्लीश सगळ्यांक येता मरे.’

येते ना. पण पहिल्या दिवशी मुलगी एकटी येते का? सत्तरीतून, सांग्यातून पहाटेची कदंब पकडून आई किंवा बाबा सोबत येतात. दाखल्यांची फाईल त्यांच्याच पिशवीत असते. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतांशी मराठी माध्यमाच्या. इंग्रजी माध्यम येते ते पाचवीपासून. त्या आईने मराठी वर्तमानपत्र रोज वाचलेले असते, ‘अ‍ॅडमिन ब्लॉक’ नाही.

आणि नकाशातला तो निळा ठिपका सगळे सांगतो हा भ्रमच आहे. मोकळ्या आकाशाखाली फोनचे जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असते. काँक्रीटच्या छपराखाली उपग्रहाचा क्षीण संदेश अडतो, भिंतींवर आपटून भरकटतो, आणि तुम्ही तळमजल्यावर आहात की दुसऱ्यावर हे तर त्याला धडपणे सांगताच येत नाही. म्हणजे दारातून आत शिरल्यावर वाट दाखवणार ते शब्दच. ‘डावीकडच्या जिन्याने वर या, झेरॉक्सच्या शेजारी फी भरायची खिडकी.’ अर्धे अ‍ॅप भाषेचे आहे, आणि नेमके तेच मुलांनी यंत्रावर सोडले!

तांत्रिक सबब चालणार नाही. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. मुलांनी वापरलेला ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली सुरू झाला, त्यात प्रत्येक जागेचे नाव वेगवेगळ्या भाषांत लिहायला वेगळा रकाना असतो. त्यांच्या कॉलेजचा मराठी रकाना मी उघडून पाहिला. रिकामा.

तो कुणी भरायचा होता? इथे मुलांना सोडून आपल्याकडे वळतो. १९८७ चा राजभाषा कायदा झाल्यापासून आपण मराठीसाठी मागण्या करतो आहोत. संमेलने झाली, ठराव झाले, मीही हात वर केले आहेत आणि ती मागणी मी सोडलेली नाही. पण एका कॉलेजातली पन्नास-साठ नावे लिहायला दोन संध्याकाळी पुरतात, आणि तेवढ्यासाठी आपल्यातला कुणी कधी कुठल्या कॉलेजात गेल्याचे मी ऐकलेले नाही. मागायला आपण शंभर, लिहायला एकही नाही.

बरे, गेलोच तर काय करू? मेसचे ‘भोजनगृह’ करू, रजिस्ट्रारचे ‘कुलसचिव’. मग ती मुलगी शिपायाला ‘कुलसचिव कुठे बसतात’ विचारणार आणि शिपाई तिच्याकडे बघत राहणार. तोही एक गोंधळच, फक्त शुद्ध! पाव, बटाटा, चावी पोर्तुगीजांकडून घेऊन मराठी मेली नाही. मेसने काय मरणार आहे?

असो. यादी ठेवून घेतली, दोन संध्याकाळी बसून पुरी केली, परत दिली. मेस आता ‘मेस’ आहे. ‘बस थांबवा’ अजून तसेच आहे, ‘फुडल्या व्हर्शनांत करतां’ म्हणतात. तोवर आणखी दोन कॉलेजांच्या याद्या घ्यायच्या आहेत. फोंडा आणि म्हापसा बाजूचे कुणी संध्याकाळी मोकळे असेल तर कळवा. ठराव नको, पेन आणा.