हिंगोलीचा १४,५४२ हा आकडा काय सांगतो? आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर त्यात का नाही?

जुलै २०२५ मध्ये हिंगोली जिल्हा अचानक बातम्यांमध्ये आला. जिल्ह्यातल्या १४,५४२ महिलांमध्ये कॅन्सरसदृश लक्षणं आढळल्याची माहिती आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधान परिषदेत दिली. व्हॉट्सॲपवर ही बातमी 'हिंगोलीत साडेचौदा हजार महिलांना कॅन्सर' अशी फिरली.

तसं झालेलं नव्हतं. पण या आकड्यातून एक महत्त्वाचा प्रश्न पुढे येतो आणि त्यावर फारशी चर्चा झाली नाही.

आकड्याचा अर्थ काय?

महिला दिनी, ८ मार्च २०२५ रोजी जिल्ह्यात 'संजीवनी' मोहीम सुरू झाली. २,९२,९९६ महिलांकडून प्रश्नावली भरून घेण्यात आली. त्यातल्या सुमारे ५ टक्के महिलांच्या उत्तरांत संशयास्पद लक्षणं दिसली. म्हणजे '१४,५४२' हा पुढच्या तपासणीची गरज असलेल्या महिलांचा आकडा आहे.

पुढच्या तपासण्यांत त्या वेळेपर्यंत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ३, स्तनाच्या कॅन्सरची १ आणि तोंडाच्या कॅन्सरच्या ८ रुग्ण निश्चित झाल्याचं सांगण्यात आलं. एकूण १२.

चाळणीचं काम असंच चालतं. आधी मोठा गट, मग संशयित, मग तपासणी आणि शेवटी मोजके रुग्ण. ते लवकर सापडणं हेच मोहिमेचं यश.

मग मोठ्या आतड्याचा कॅन्सर कुठे आहे?

केंद्राच्या असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात ३० वर्षांपुढच्या लोकांची तीन कॅन्सरसाठी तपासणी होते: तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. मोठं आतडं आणि गुदाशयाचा कॅन्सर त्यात नाही.

यामागे कारण आहे. ते तीनही कॅन्सर आपल्याकडे जास्त आढळतात. शिवाय तोंड बॅटरी लावून पाहता येतं, स्तन हाताने तपासता येतो, गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून डाग पाहता येतो. आतड्यात पाहायला मात्र दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी लागते. त्यासाठी यंत्र हवं आणि प्रशिक्षित डॉक्टर हवा.

जगात २०२२ मध्ये या कॅन्सरचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले. कॅन्सरमुळे होणाऱ्या मृत्यूंत तो फुप्फुसाच्या कॅन्सरनंतर दुसऱ्या क्रमांकावर आहे. भारतात त्याच वर्षी अंदाजे ७० हजार नवे रुग्ण होते. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा खूपच कमी आहे. अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षीच तपासणी सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. तोच नियम उचलून कळमनुरी-सेनगावला लावणं व्यवहार्य नाही.

पण 'सरसकट तपासणी नको' म्हणजे 'दुर्लक्ष चालेल' असं नाही.

खरा धोका: 'मूळव्याध असेल'

शौचातून रक्त पडलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो मूळव्याध. मग मेडिकलमधून मलम, गावठी औषध किंवा 'बिगर ऑपरेशन खात्रीशीर इलाज' अशी पाटी लावलेला दवाखाना. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, म्हणूनच फसगत होते. गुदाशयाच्या कॅन्सरमध्येही ताजं लाल रक्त पडू शकतं. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला असू शकतात. नुसत्या रक्ताच्या रंगावरून निदान होत नाही.

लाज हे दुसरं कारण. शौचाबद्दल घरातही बोललं जात नाही, आणि डॉक्टरांनी बोटाने तपासतो म्हटलं की रुग्ण नको म्हणतो. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ मात्र याच साध्या तपासणीत हाताला लागू शकते. तिला यंत्र लागत नाही.

या उशिराची किंमत मोठी आहे. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार आजार आतड्यापुरता असताना सापडला तर सुमारे ९० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येतं.

ही लक्षणं असतील तर थांबू नका

- शौचातून रक्त, विशेषतः दोन-तीन आठवड्यांत न थांबणारं
- शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, किंवा पोट साफ न झाल्याची सततची भावना
- कारण नसताना वजन घटणं
- पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या महिलांमध्ये रक्त कमी होणं. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्या पुरेशा नाहीत, रक्त कुठे जातंय ते शोधायला हवं.

'अजून वय कुठे झालंय' असं म्हणू नका. भारतात पन्नाशीच्या आतले रुग्णही बरेच दिसतात.

धोका कशाने वाढतो?

वय, आतड्यातल्या जुन्या गाठी (पॉलिप), आतड्याला दीर्घकाळ सूज असलेले आजार आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाहीत. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांना हा कॅन्सर झाला असेल तर तुमचा धोका साधारण दुप्पट होतो. अशांनी चाळिशीत, किंवा नातेवाइकाला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा डॉक्टरांना कोलोनोस्कोपीबद्दल विचारावं.

दारू, तंबाखू, लठ्ठपणा, बैठं काम आणि आहार हातात आहेत. सॉसेज, सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये कॅन्सरकारक ठरवलं. मटण 'बहुधा कॅन्सरकारक' गटात आहे. त्यामुळे रविवारचं मटण बंद करायची गरज नाही, पण रोजचं नको. ज्वारीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या यांतला चोथा आतड्याला उपयोगी.

आणि हळद? वसमतची हळद प्रसिद्ध आहे, त्यामुळे हा प्रश्न येणारच. हळदीतल्या कुरक्युमिनवर प्रयोगशाळेत बरंच संशोधन झालंय, पण ते शरीरात फार कमी शोषलं जातं. हळद खाल्ल्याने माणसात हा कॅन्सर टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. भाजीत घाला, औषध समजू नका.

हिंगोलीत काय करता येईल?

जवळपास तीन लाख महिलांपर्यंत पोहोचलेली यंत्रणा जिल्ह्यात आहे. २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. पुढच्या फेरीत दोन प्रश्न वाढवता येतील: 'शौचातून रक्त पडतं का?' आणि 'घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का?' हे प्रश्न पुरुषांनाही विचारावे लागतील, कारण हा आजार त्यांच्यात थोडा जास्तच आढळतो.

ज्यांचं उत्तर 'हो' येईल त्यांच्यासाठी कोलोनोस्कोपीची सोय आधी ठरलेली हवी. नाहीतर पुन्हा एक मोठा आकडा जाहीर होईल, आणि यादीतली माणसं त्याच मलमाकडे परत जातील.