अणुभट्टी असली तरी सुटे भाग लागतातच



अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौकेला इंधनाची फिकीर नाही, म्हणजे सुट्या भागांचीही कटकट नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटण्याजोगे नाही.

जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात येऊन गेलेल्या फ्रान्सच्या ‘शार्ल द गोल’चेच उदाहरण घ्यावे. दोन्ही अणुभट्ट्या ठणठणीत. पण नोव्हेंबर २००० मध्ये अटलांटिकमधील चाचणी सफरीत तिच्या प्रोपेलरचे पातेच तुटले. राखीव प्रोपेलरही सदोष निघाले. अखेर ‘क्लेमान्सो’ आणि ‘फॉश’ या जुन्या नौकांचे प्रोपेलर बसवून काम भागवले. वेग घटला तो वेगळाच.

शिवाय भारताकडे अणुशक्तीवरची विमानवाहू नौका नाहीच. ‘विक्रांत’ चार गॅस टर्बाइनवर चालते, ‘विक्रमादित्य’ बॉयलरच्या वाफेवर.

– एक वाचक, पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर