यंत्र घेण्याआधी बोटांचा हिशेब

इस्लामपुरातील आमच्या गल्लीतला एक तरुण मागच्या महिन्यात कर्जाचा अर्ज भरून घ्यायला आमच्याकडे आला. आय.टी.आय.मध्ये सुतारकाम शिकलेला. घराच्या पडवीत स्वतःचे काम सुरू करायचे, त्यासाठी टेबल सॉ घ्यायचा. "भाऊ, दोन हॉर्सपॉवरचा घेऊ का तीनचा?" एवढाच त्याचा प्रश्न. सही करताना आम्हाला दिसले, उजव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे. पूर्वी तो रोजावर होता तिथे हातातला कटर उलटा करून फळीखाली ठोकला होता. वर ना झाकण, ना पट्टी.

आम्ही पडलो कारकून. लाकडातले कळत नाही, हिशेब कळतो. म्हणून दोन जुन्या मिस्त्रींना गाठले. त्यांनी सांगितले ते वाचकांपुढे ठेवतो.

10 इंची पाते मिनिटाला 4500 फेरे घेते असे धरले, तर त्याच्या दाताचा वेग ताशी सुमारे 215 किलोमीटर होतो! तेव्हा ताकद नंतर बघावी. 2 हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे दीड किलोवॅट. पडवीतल्या कामाला ते पुरते. मात्र स्वतंत्र 15 अँपियरचा पॉइंट आणि पक्के अर्थिंग हवेच.

दुकानात तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, लाकूड टेकवून सरकवायची गाईडपट्टी. यंत्र बंद असताना पात्याच्या एका दातावर खूण करावी. तोच दात पुढे आणि मागे फिरवून पट्टीपर्यंतचे अंतर मोजावे. मागे अंतर कमी भरले तर लाकूड अडकते आणि उलट छातीवर येते. दुसरी, पात्यामागची उभी पोलादी पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ. चिरलेले लाकूड मिटून पात्याला आवळू नये म्हणून ती असते. ती आणि वरचे झाकण नसेल तर यंत्र स्वस्तातही घेऊ नये. तिसरी, स्विच. वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी 1999 साली बोट लागताच पाते थांबवणारी युक्ती काढली. पण तसे यंत्र महाग पडते. आपल्याला निदान टाकाऊ फळीची ढकलकाठी करता येते. तिला पैसा लागत नाही. हातमोजे मात्र घालू नयेत, पाते त्यांच्यासकट हात ओढते. भुशासाठी नाकाला चांगला मास्क हवा. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 सालीच जाहीर केले आहे.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत कर्ज, अशी तरतूद आहे. गरजूंनी जरूर चौकशी करावी.

त्या तरुणाने शेवटी दोनचाच घेतला. वाचलेल्या पैशात वायरिंग आणि एक जादा पाते आले. ढकलकाठी त्याच्या आईने खिळ्याला टांगून ठेवली आहे. ती हातात घेतल्याशिवाय बटण दाबायचे नाही, असा त्या माउलीचा दंडक आहे. घरोघरी असा दंडक असावा. कर्जाचा हप्ता शेवटी याच बोटांनी फेडायचा असतो.