कारेसुआंदो : दुर्गम नसलेले, दुर्गम केलेले गाव

१/ स्वीडनच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, मुओनिओ नदीकाठी कारेसुआंदो हे लहानसे गाव आहे. पैलतीरी फिनलंड. अशा गावांना ‘जगाचे शेवटचे टोक’ म्हणून मोकळे होण्याची प्रथा आहे. परंतु हे टोक निसर्गाने घडवलेले नाही. ते तहनाम्यांनी घडवले.

२/ या प्रदेशातील सामी लोक रेनडिअरचे कळप पाळत. हिवाळ्यात आतल्या अरण्यात बर्फाखालचे दगडफूल हा कळपांचा चारा, तर उन्हाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्यावरची हिरवी कुरणे. या वाटेवर कारेसुआंदो शेवटी नव्हे, मध्ये होते.

३/ या गावाला इतिहास नव्हता, असेही नाही. १८२६ ते १८४९ या काळात येथे धर्मोपदेशक असलेले लार्स लेव्ही लेस्टाडियस नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी येथून सुरू केलेली धर्मजागृतीची चळवळ नॉर्वे, फिनलंड आणि पुढे अमेरिकेपर्यंत पोहोचली.

४/ ‘त्या काळी सामींचे हक्क कोणाला ठाऊक होते?’ हा बचाव टिकत नाही. १७५१ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्क-नॉर्वे यांनी सीमा आखली, तेव्हाच तहाच्या पुरवणीत सामींचा कळपांसह सीमा ओलांडण्याचा हक्क लेखी मान्य केला. युद्धकाळातही तो अबाधित राहावा, असे ठरवले. हक्क ठाऊक होते. ते पुढे सोयीने बाजूला सारले गेले.

५/ १८०९ मध्ये स्वीडनने फिनलंड रशियाला गमावला आणि नदीची सीमा झाली. १८५२ मध्ये नॉर्वे-फिनलंड सीमा कळपांना बंद झाली. स्वीडनमधून फिनलंडच्या हिवाळी कुरणांत जाता येत असल्याने नॉर्वेतील कौटोकेइनोची अनेक कुटुंबे कारेसुआंदोकडे आली. १८८९ मध्ये तीही वाट बंद झाली. उरलेल्या कुरणांवर कळपांची दाटी झाली.

६/ १९१९ च्या स्वीडन-नॉर्वे कराराने नॉर्वेत चरणाऱ्या रेनडिअरची संख्या घटवली. मग येथील कुटुंबांना शेकडो किलोमीटर दक्षिणेकडे धाडण्यात आले. सरकारी कागदांत याला ‘डिस्लोकाशून’, म्हणजे स्थानबदल, असे निरुपद्रवी नाव होते. सामी भाषेतला शब्द ‘बाग्गोयोह्तिन’ : सक्तीचे स्थलांतर.

७/ ‘भटक्यांना उत्तर काय आणि दक्षिण काय?’ या युक्तिवादामागे निव्वळ अज्ञान आहे. भटका माणूस वाट्टेल तिथे भटकत नाही. मादी कुठे विते, नदी कुठे ओलांडावी, वादळात आडोसा कुठे मिळतो, हे ज्ञान विशिष्ट भूमीशी बांधलेले असते. शिवाय दक्षिणेची भूमी रिकामी नव्हती. तेथे निराळी बोली बोलणारे सामी आधीपासून राहत होते. या निर्णयाने त्यांच्याही कुरणांवर घाला घातला.

८/ २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने साारिवुओमा या स्वीडनच्या बाजूच्या सामी समुदायाचा नॉर्वेतील कुरणांवरचा हक्क मान्य केला. आधार होता पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर. हा समुदाय कारेसुआंदोप्रमाणेच किरुना नगरपालिकेच्या क्षेत्रातला. म्हणजे ती वाट अजूनही जिवंत आहे, आणि तिच्यावरचा दावाही. तेव्हा या गावाला ‘दुर्गम’ म्हणणाऱ्याने पुढच्या वाक्यात एवढे तरी सांगावे : ते कोणत्या सालापासून दुर्गम झाले, आणि कोणाच्या सहीने?